गाठोड्यातला हात

असं समजा, की तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि तुमचा उजवा हात तुम्हाला दिसत नाही.

म्हणजे आहे, खांद्याला जोडलेलाच आहे. पण कोपरापासून पुढं तो पांढऱ्या पट्टीत गुंडाळलाय. आत पुठ्ठा घातलाय, वर गाठींवर गाठी मारल्यात. बाहेर दिसतात ती फक्त बोटांची टोकं. डोळे मिटून घ्या हवं तर. आता मनात एवढंच धरा, की त्या गाठोड्याच्या आत काहीतरी चाललंय. सायकलच्या ट्यूबमध्ये कोणी हळूहळू हवा भरावी तसं. तुम्ही ते सगळ्यांना सांगताय, आणि एकही माणूस ऐकत नाही.

धरलंत? आता उघडा डोळे.

मघाशी तुम्ही विचारत होता, की मुनीरचाचाच्या दुकानात ‘त्रिशलाआज्जीनं पाठवलंय’ म्हटलं की तो तुमची सायकल रांगेतून पुढं का घेतो. ते ह्याच गोष्टीत येईल. मध्ये विचारायचं नाही.

“आत्ती, माझा हात घट्ट झालाय,” मी म्हटलं.

“घट्ट बांधलाय, म्हणून घट्ट झालाय,” आत्ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, राजमतीआत्ती. आई बाळंतीण होती, म्हणून मला घेऊन कोल्हापूरच्या इस्पितळात ती आली होती. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून ती पैंजणाला घुंगरं बसवत होती. इस्पितळात कसली घुंगरं, असं वाटेल तुम्हाला. पण आमच्या हुपरीत घराघरात चांदीचं काम. पुरुष चांदी ओतायचे, तार ओढायचे, आणि बायका घुंगरं बसवायच्या. लग्नाला निघाल्या, एसटीची वाट बघत बसल्या, तरी ओच्यात चिमटा आणि कात्री, रुमालात घुंगरं. हात रिकामा ठेवायचा नाही, ही सवय. कडी उघडायची, घुंगरू अडकवायचं, कडी मिटवायची. मीही करायचे. घरात सगळ्यांत बारीक बोटं माझी होती. आत्ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “आमच्या त्रिशलाच्या हातनं घुंगरू पडत न्हाई.” एरवी ती माझं कौतुक करायची नाही. तेवढं एक करायची.

शेजारच्या एका गावच्या जत्रेत मी बर्फाचा गोळा खाल्ला होता. मी एकटीनंच नाही. त्या वॉर्डातली निम्मी पोरं जत्रेतूनच आली होती. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. प्रत्येकाच्या डोक्यावर सलाईनची बाटली, आणि प्रत्येकाचा एक हात गाठोड्यात.

हे गाठोडं हौसामावशीचं. मावशी म्हणजे वॉर्डातली कामवाली बाई. दांडगी, उंच, आवाज तर जिन्यापर्यंत जाणारा. आमच्या आधी तिथं एका पोरानं हिसडा मारून सलाईनची नळी उपसून काढली होती आणि सगळी चादर रक्तानं भरली होती. त्या दिवसापासून हौसामावशीनं कायदा केला. सिस्टरनं नळी घातली, की मावशीनं पुठ्ठा लावून हात गुंडाळायचा. पुठ्ठा बाटल्यांच्या खोक्याचा. गाठ अशी, की दातांनीही सुटू नये.

“माझं बांधलेलं सोडून दाखवा कुणी,” ती म्हणायची. “डाक्टर म्हणतील तवाच सुटंल.”

आणि खरं सांगायचं तर तिच्या गाठोड्याचं सगळ्यांना कौतुक होतं. आयाबापांना वाटायचं, पोराची नळी आता पक्की झाली.

“नुसता घट्ट नाही,” मी आत्तीला म्हटलं. “आत फुगालाय.”

“सकाळी पण तुझं पोट फुगालं होतं. मीठ-साखरेचं पाणी नको म्हणून.”

सकाळी आत्तीनं करून दिलेलं मीठ-साखरेचं पाणी मी खिडकीतून बाहेर ओतलं होतं. खाली वॉचमन विडी ओढत बसला होता. तो ओल्या डोक्यानंच वर आला आणि वॉर्डभर शोधत फिरला. आत्तीला सगळ्यांदेखत बोलणी खावी लागली. त्यामुळं त्या दिवशी माझ्या शब्दाला काय भाव असणार ते समजून घ्या.

थोड्या वेळानं गाठोडं मनगटापाशी ओलं झालं.

आत्तीची नजर गेली. तिनं चिमटा खाली ठेवला. “परत सांडलंस?”

“मी नाही सांडलं.”

“मग काय गाठोड्याला घाम आला?”

“आतनं आलंय, आत्ती.”

“तर तर! आतनं झरा फुटलाय.” शेजारच्या खाटेवरच्या बाळाची आई हसली. तिचं बाळ वर्षभराचं असेल. सकाळपासून एकसारखं रडत होतं. तिच्याही डोळ्यांवर झोप होती, पण हसली.

आत्तीनं आपली पिशवी उघडली आणि त्यातून कापडी गाळणं काढलं. आत्ती बाहेरचं पाणी न गाळता कधी प्यायली नाही. कुठंही गेली तरी पांढरंशुभ्र दुहेरी गाळणं तिच्याबरोबर असायचं, आणि त्याला दुसरं कोणी हात लावलेला तिला चालायचा नाही. त्यातलं जादाचं, धुतलेलं एक गाळणं तिनं त्या ओल्या जागेवर गुंडाळलं आणि कच्चकन गाठ मारली.

“आता सांडून दाखव.”

तिनं ते मायेनंच केलं होतं. पोरीच्या अंगाला ओल नको. पण आता माझा हात आणखी एका थरानं झाकला गेला.

मग थेंब मंदावले. बाटलीखालच्या छोट्या भांड्यात ते टप टप पडायचे, ते आता मध्येच थांबायला लागले. आत्तीनं मान वर करून बघितलं. संध्याकाळच्या राऊंडपर्यंत बाटली संपली पाहिजे, असं तिच्या मनानं घेतलं होतं. बाटली लवकर संपली तर पोर लवकर घरी. नळीवर एक पांढरं चाक असतं, त्यानं थेंब कमीजास्त होतात. वॉर्डात सगळेच नातेवाईक ते फिरवायचे. आत्तीनं ते अंगठ्यानं वर लोटलं. थेंब धावायला लागले.

“आत्ती! आग होतीया! आत्ती, बंद कर!”

“औषध आहे त्यात. आग होणारच.”

“काल होत नव्हती.”

“काल तुला शुद्ध होती का?”

मी दात आवळून बसले. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्या वॉर्डात रडण्याला काही अर्थच उरला नव्हता. सगळेच रडायचे, त्यामुळं कुणाच्याच रडण्याकडं कुणी वळून बघायचं नाही. म्हणून मी गाळण्याकडं बघत राहिले. नुसती बघत राहिले. पाण्याचा तांब्या आत्तीनं मुद्दाम खाटेखाली, माझ्यापासून लांब ठेवला होता. मी जागची हललेही नव्हते. आणि तरी त्या कोरड्या, पांढऱ्या फडक्यावर मधोमध एक ओला ठिपका उमटला. बघता बघता सुपारीएवढा झाला. मग पुरीएवढा.

“आत्ती, बघ.”

“गप पड.”

“बघ तरी!”

तिनं बघितलं. आता तांब्यालाही दोष देता येईना. तिनं तो ठिपका बोटानं दाबून बघितला. मग म्हणाली, “खालची ओल वर आली असंल.”

तेव्हा मी हात तोंडापाशी नेला आणि त्या ओल्या जागेला जीभ लावली.

“शी! उष्टं केलंस गाळणं!”

“खारट आहे.”

“काय?”

“नुसतं खारट आहे आत्ती. साखर नाही त्यात. तुझं पाणी असतं तर गोड लागलं असतं. मूठभर साखर घालतेस की नाही? हे बाटलीतलं पाणी आहे. ते आत जात नाही, बाहेर येतंय. चाखून बघ.”

“मी चाखू? तुझी जीभ लागलीय त्याला, बाटलं सगळं!”

“चाख!”

माझा आवाज वाढला तशी हौसामावशी आली, कमरेवर हात ठेवून. “काय चाललंय? कुणाचं काय चाखायचंय?”

“माझं गाठोडं सोडा,” मी म्हटलं. “आतनं गळतंय.”

“गळतंय? माझं बांधलेलं?”

“तुमचं बांधलेलं नाही गळत. नळी गळतीया.”

“ह्या पोरीनं सकाळी वॉचमनला आंघोळ घातली,” मावशी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, “आन आता मला शिकवायली.”

तेवढ्यात एस्तेर सिस्टर आल्या. वॉर्डाच्या त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत त्या एकट्या. चालताना एका हातात औषधाचा ट्रे आणि दुसरा हात कुणाच्या तरी कपाळावर. त्या माझ्या बाटलीखाली थांबल्या, वर बघितलं.

“थेंब पडताहेत की छान.”

“पडताहेत, पण जाताहेत कुठं?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चांगलं थांबून बघितलं. तोंड उघडून त्या काही विचारणार, एवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं, “सिस्टर, पोराचे डोळे फिरले!” आणि त्या धावल्या. धावताना मागं वळून म्हणाल्या, “आलेच मी. आलेच हं.”

त्या लगेच येऊ शकल्या नाहीत. त्या पोराच्या खाटेभोवती गर्दी झाली. इकडं माझ्या हाताची आग कोपराच्या वर चढायला लागली. आणि त्याहून वाईट म्हणजे बोटांची आग थांबली. दुखायचं थांबलं म्हणून बरं वाटायला पाहिजे ना? मला वाटलं नाही. बोटं माझी नाहीतच असं वाटायला लागलं.

मी डावा हात वर नेला, नळीवरचं चाक पकडलं आणि खाली लोटलं.

थेंब थांबले.

“आगं ए!” हौसामावशी ओरडली. “सलाईन बंद केली! बघा, बघा हो हिनं काय केलं!” तिनं येऊन चाक वर लोटलं.

मी परत खाली लोटलं.

तिनं वर.

मी खाली.

“नळी उपसली नाही मी,” मी म्हटलं. “तुम्ही म्हणता नळी उपसायची नाही. नाही उपसत. पण पाणी आत जाऊ देणार नाही.”

“डावा हातबी बांधीन!”

“बांधा. मग पायानं बंद करीन.”

वॉर्डातली पोरं रडायची थांबून बघायला लागली. शेजारचं बाळ तेवढं रडत होतं. हौसामावशीनं आत्तीकडं मोर्चा वळवला. “बाई, पोर आवरा तुमची. उद्या काय झालं तर आमच्या नावानं बोंब मारशीला.”

आत्ती उठली. माझ्यावर हात उगारणार असं वाटलं. तिचा चेहरा लाल झाला होता, शरमेनं. शिकल्या-सवरल्या लोकांच्या जागेत तिला मोठ्यानं बोललेलंही आवडायचं नाही. आणि इथं तिची भाची पायानं चाक बंद करायच्या गोष्टी करत होती.

“आत्ती,” मी म्हटलं, “एक घुंगरू दे.”

“आता घुंगरू कशाला?”

“दे की.”

“त्रिशला, लाज आण—”

“एकच दे. मग मार मला.”

तिनं ओच्यातलं एक घुंगरू काढलं. ज्वारीच्या दाण्याएवढं. मी गाठोड्यातून बाहेर आलेली बोटं पुढं केली, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. तिनं घुंगरू त्या चिमटीत ठेवलं.

ते पडलं.

फरशीवर टिण् असा आवाज झाला. बारीकसाच आवाज. आत्तीनं वाकून घुंगरू उचललं. माझ्याकडं न बघता परत माझ्या चिमटीत ठेवलं. मी सगळा जीव त्या दोन बोटांत आणला. मला दिसत होतं की बोटं मिटतच नाहीत. टरटरून फुगलेल्या वांग्यासारखी झाली होती ती.

घुंगरू परत पडलं, आणि ह्या वेळी घरंगळत खाटेखाली गेलं. आत्तीनं ते शोधलं नाही. तिनं माझी बोटं आपल्या गालाला लावली. मग डाव्या हाताची लावली. मग परत उजव्या हाताची.

“हौसाबाई,” ती म्हणाली. “गाठ सोडा.”

“डाक्टर आल्याबिगर—”

“पोरीची बोटं गार पडल्यात. चिमटीत घुंगरू धरवत न्हाई तिला. गाठ सोडा.”

“घुंगरू? सलाईनचा आन घुंगराचा काय संबंध?”

“तुम्हाला न्हाई कळायचं ते. मला कळतंय.” आत्तीनं ओच्यातली चांदीची तार कापायची छोटी कात्री काढली. हौसामावशी मध्ये आली. ती आत्तीपेक्षा वीतभर उंच होती. आत्तीनं मान वर करून तिच्या डोळ्यांत बघितलं. आयुष्यात मी आत्तीचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदा ऐकला. “बाजूला व्हा! मला हात लावा, आणि मग बघा काय होतंय ते!”

हौसामावशी बाजूला झाली.

आधी गाळणं कापलं गेलं. आत्तीनं ते कापताना क्षणभरही विचार केला नाही. मग पट्टी, एक थर, दुसरा थर, पुठ्ठा. पुठ्ठा भिजून लगदा झाला होता. आणि मग हात बाहेर आला.

पोरं खाटांवर उठून बसली.

तो माझा हात नव्हता. मनगट कुठं संपतं आणि हात कुठं सुरू होतो, ते कळत नव्हतं. कातडी ताणलेली, चकचकीत, पांढरीफटक. त्यावर पट्टीची वीण छापल्यासारखी उमटली होती. नळी जिथून आत गेली होती, तिथून एक थेंब हळूच बाहेर आला आणि कोपराकडं ओघळला.

“देवा,” असं कुणीतरी म्हणालं. ती हौसामावशी होती.

“सरका.” एस्तेर सिस्टर आल्या होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्या पोराचं काय झालं ते मी विचारलं नाही, पण त्याची आई मागं त्याला पाजत होती, तेव्हा बरं असणार. सिस्टरनी एकदा हाताकडं बघितलं आणि एकदा चाकाकडं. “चाक कुणी बंद केलं?”

आत्तीनं माझ्याकडं बघितलं.

“मी,” मी म्हटलं.

“हं.” एवढंच म्हणून त्या कामाला लागल्या. आत्ती घाईनं नळी ओढायला गेली, तर सिस्टरनी तिचा हात धरला. “लगेच नाही. आधी आत राहिलेलं औषध जेवढं निघेल तेवढं काढून घेऊ.” त्यांनी बाटलीची नळी वेगळी केली, एक रिकामी सिरिंज लावली आणि अगदी हळू मागं खेचली. थोडं पाणी आलं. मगच त्यांनी हातातली नळी बाहेर काढली आणि तिथं कापूस धरला. दाबला नाही, नुसता धरला.

आत्तीनं पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली. “चोळून देऊ?”

“चोळायचं नाही. शेकायचंही नाही, डॉक्टर सांगेपर्यंत. आधी बोटं हलव बघू. हलवतेस? थोडी हलली तरी चालतील.” त्यांनी माझ्या नखावर दाब दिला आणि सोडला. पांढरं नख पुन्हा गुलाबी होईपर्यंत त्यांनी श्वास धरून ठेवला होता, असं मला वाटलं. झालं गुलाबी. हळू झालं, पण झालं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सूज जिथं संपत होती, तिथं कोपराच्या वर माझ्या कातडीवर एक रेघ ओढली.

“ही सुजेची वेस. सूज वेशीबाहेर गेली, तर मला हाक. वेशीच्या आत राहिली, तर घाबरायचं नाही.”

उशीवर उशी ठेवून त्यांनी हात उंच ठेवला. डॉक्टरांना निरोप गेला. सामानगडकर डॉक्टर धावतच आले. त्यांनी हात फिरवून फिरवून बघितला, टाचणीनं बोटं टोचली, प्रत्येक वेळी मी “आई गं” म्हटलं, आणि प्रत्येक “आई गं”ला त्यांचा चेहरा थोडा मोकळा झाला.

“हात वाचेल,” ते आत्तीला म्हणाले. “पण वेळेवर सोडवला म्हणून. आणखी बाटलीभर गेलं असतं, तर काय सांगता आलं नसतं.”

आत्ती खाली बसली आणि खाटेखालचं घुंगरू शोधायला लागली. बराच वेळ शोधत होती. ते तिच्या पायाशीच पडलेलं मला दिसत होतं.

नवी नळी डाव्या हातात घातली. घालताना सिस्टर माझ्याशी बोलत होत्या, शाळेत बाई फळ्यावर काढून दाखवतात तशा.

“शीर म्हणजे पाटच समज. नळी पाटात असली, की पाणी पाटानं जातं. नळी पाटातून निसटली, की पाणी शेतात. मग शेत फुगतं. पाणी मावेना झालं, की टोचलेल्या भोकातून बाहेर झिरपतं. कळलं?”

“कळलं. पण थेंब तर पडत होते.”

“पडतात. बराच वेळ पडत राहतात. म्हणून नुसते थेंब बघायचे नाहीत, हात बघायचा. दोन्ही हात शेजारी ठेवायचे. एक जाड दिसला, एक गार लागला, कातडी ताणलेली वाटली, पट्टी ओली झाली, दुखलं, की सांगायचं.”

“मी सांगितलं होतं.”

सिस्टरचा हात थांबला. “हो,” त्या म्हणाल्या. “सांगितलं होतंस.”

“आणि ऐकलं नाही कुणी, तर?”

“तर अजून मोठ्यानं सांगायचं. चाकाला मात्र परत हात लावायचा नाही. चाक फिरवायचं काम माझं.” त्यांनी आत्तीकडंही बघितलं, आणि आत्तीनं पदर तोंडाला लावला. “ओरडायचं काम तुझं.”

त्या गेल्या आणि हौसामावशी आली. हातात पट्टीची नवी गुंडाळी, काखेत पुठ्ठा. ती नेहमीसारखी खाटेवर टेकली आणि माझा डावा हात आपल्या मांडीवर घेतला. सवयच ती. तिच्या ध्यानातही आलं नसेल.

“झाकायचं नाही,” मी म्हटलं.

“आगं, उपसून निघंल—”

“मी राखीन. पण झाकायचं नाही. मला माझा हात दिसला पाहिजे.”

मावशीनं आत्तीकडं बघितलं. आत्ती घुंगरू बसवत होती. मान वर न करता ती म्हणाली, “ती म्हणती तसं.”

हौसामावशी पुठ्ठा काखेत मारून गेली. रागानं गेली, की आणखी कशानं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग संध्याकाळचा राऊंड सुरू झाला. राऊंडच्या वेळी कुणी बोलायचं नाही, खाटेवरून उतरायचं नाही, हा हौसामावशीचा दुसरा कायदा. सगळ्या आया पदर सावरून उभ्या राहिल्या. डॉक्टर त्या टोकापासून एकेक खाट करत येत होते, सिस्टर त्यांच्याबरोबर. इतकं शांत झालं, की मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकतंय ते आधी कळेना. मग कळलं.

शेजारचं बाळ रडत नव्हतं.

“झोपला बघ एकदाचा,” त्याची आई माझ्याकडं बघून कुजबुजली. “सकाळधरनं जीव खाल्ला माझा. झोपला माझा मुनीर.”

मुनीर झोपला नव्हता. त्याचे डोळे अर्धे उघडे होते. तो तोंडातल्या तोंडात कण्हत होता, रडायची ताकद संपल्यासारखा. त्याचं गाठोडं त्याच्या अंगाच्या मानानं केवढंतरी मोठं होतं. आणि त्याची कड ओली होती.

“भाभी, ते ओलं कशानं?”

“दूध सांडलं असंल.”

मी माझा उजवा हात उचलून डाव्या खांद्यावर ठेवला, उंच. डाव्या हातानं बाटलीचा स्टँड धरला आणि खाटेवरून खाली उतरले. फरशी गार होती. स्टँडची चाकं खडखडली, आणि अख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या.

“ए पोरी!” हौसामावशी दबक्या आवाजात खेकसली. “राऊंड चालूय!”

मी मुनीरच्या खाटेपाशी गेले. माझे दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून वाकून त्याच्या बोटांना गाल लावला. गार होती. मग त्याच्या गाठोड्याच्या ओल्या कडेला जीभ लावली.

दूध नव्हतं.

हौसामावशीनं ओठांवर बोट ठेवून डोळे वटारले. डॉक्टर आमच्यापासून लांब, कुणाचं तरी पोट तपासत होते. माझ्या मागं आत्तीच्या ओच्यातली घुंगरं वाजली. ती उठून उभी राहिली होती, आणि कात्री तिच्या हातात होती.

“सिस्टर!” मी ओरडले. “ह्याचा हात उघडा!”

कुणीच हललं नाही.

मग मी छाती भरून श्वास घेतला आणि अजून मोठ्यानं ओरडले.